दानाचे पुस्तक मुलाच्या हाती पोहोचेपर्यंत

गेल्या वर्षी भीमजयंतीच्या निमित्ताने आम्ही दहा कुटुंबांनी एक संकल्प केला. वंदना, व्याख्यान आणि सहभोजन दरवर्षी होतेच. या वेळी आपली मुले ज्या शाळेत शिकतात त्या शाळेच्या ग्रंथालयाला पुस्तके द्यावीत, असे ठरले. पश्चिम सिडनीतील ही एक साधी सरकारी प्राथमिक शाळा. शाळेचे पहिले सत्र संपण्यापूर्वी अकरा खोकी जमली. ती मोटारींतून कार्यालयाच्या दारात उतरविली, छायाचित्रे काढली आणि आपल्या हातून एक चांगले काम झाले या समाधानात घरी आलो.

दुसरे सत्र सुरू झाल्यावर ग्रंथपाल शिक्षिकेचा निरोप आला. भाषा अत्यंत सौजन्याची होती. आशय असा, की अकरांपैकी आठ खोकी कृपया परत न्यावीत.

आमच्यापैकी काहींना हे फार लागले. ‘पुस्तके आपली, म्हणून नको झाली,’ असेही कोणी बोलून गेले. नकाराचा अनुभव ज्यांच्या पिढ्यांनी घेतला आहे, त्यांच्या मनात अशी शंका प्रथम येते आणि ती येण्यात दोष नाही. परंतु निर्णय घेण्यापूर्वी खोकी एकदा स्वतः उघडून पाहावीत म्हणून मी एका गुरुवारी ग्रंथालयात गेले. पहिल्या खोक्यात निवड-परीक्षेची मार्गदर्शके होती, पेन्सिलीने अर्धी सोडविलेली. दुसऱ्यात वीस वर्षांपूर्वीच्या संगणक-प्रणालींची जाडजूड पुस्तके. तिसऱ्यात प्रौढांच्या कादंबऱ्या, पाने सुटलेला एक शब्दकोश आणि निम्म्या रंगविलेल्या रंगवह्या. चौथे खोके मीच दिलेले होते. त्यात बारीक टाइपात छापलेल्या मराठी पुस्तिका होत्या, विचाराने मोलाच्या. पण आठ वर्षांच्या मुलाने त्यातील एक ओळही वाचली नसती. आपल्या घरातील माळा रिकामा करून आम्ही त्याला दान म्हटले होते, हे त्या टेबलापाशी उभे राहिल्यावर कळले.

हा प्रकार केवळ आमच्या हातून झाला असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रंथालयांच्या इतिहासात त्याचे मोठे उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या गावोगावी ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’ आणि ‘स्कूल ऑफ आर्ट्स’ या नावांच्या संस्था निघाल्या. कारागिरांना वाचायला मिळावे हा त्यांचा हेतू. पुढे वर्गणी आटली, नवी खरेदी थांबली आणि कपाटे जुन्या पुस्तकांनी तुंबली. १९३५ साली अमेरिकेचे राल्फ मन आणि मेलबर्नचे अर्नेस्ट पिट यांनी कार्नेगी निधीच्या साहाय्याने देशभरातील ग्रंथालयांची पाहणी प्रसिद्ध केली. विसरलेल्या पुस्तकांची स्मशानभूमी, अशा अर्थाच्या कठोर शब्दांत त्यांनी यांपैकी अनेक संस्थांचे वर्णन केले. त्या अहवालाने खळबळ उडाली, मोफत ग्रंथालयांची चळवळ उभी राहिली आणि १९३९ साली न्यू साउथ वेल्सचा ग्रंथालय कायदा आला. पुस्तके असणे आणि ग्रंथालय असणे यांतील अंतर या देशाने असे जाहीरपणे मोजले आहे.

शाळांच्या बाबतीतही हेच अंतर पुन्हा दिसते. २००९ च्या आर्थिक मंदीच्या काळात केंद्र सरकारने ‘बिल्डिंग द एज्युकेशन रेव्होल्यूशन’ या योजनेतून प्राथमिक शाळांत मोठ्या संख्येने सभागृहे आणि ग्रंथालयांच्या इमारती बांधल्या. इमारत एकदाच बांधावी लागते. पुस्तके मात्र दरवर्षी झिजतात, हरवतात, कालबाह्य होतात. शाळेचा वार्षिक निधी, पालक-नागरिक संघाच्या सॉसेज-विक्रीतून येणारे पैसे आणि ‘स्कोलॅस्टिक’च्या बुक क्लबमधून मुलांनी घेतलेल्या पुस्तकांच्या बदल्यात शाळेला मिळणारी पुस्तके यांवर ही भरपाई चालते. म्हणजे दानाला इथे खरोखरच जागा आहे. प्रश्न कोणत्या दानाला, एवढाच.

त्या गुरुवारी शिक्षिकेने मला तीन खोक्यांतून ठेवून घेतलेली पुस्तके दाखविली. त्यांत बहुतेक चित्रकथा होत्या. त्या तिने कपाटात कणा बाहेर करून उभ्या लावल्या नव्हत्या. गुडघ्याएवढ्या उंचीच्या लाकडी पेट्यांत मुखपृष्ठ समोर ठेवून रचल्या होत्या. पाच वर्षांच्या मुलाला कण्यावरचे नाव वाचता येत नाही, त्याला चित्र दिसावे लागते. आपण भाजीवाल्याकडे जुड्या उलटसुलट करून पाहतो तशी मुले त्या पेट्यांतील पुस्तके एकामागून एक पुढे ढकलून पाहत होती. आमच्या खोक्यांतून निघालेला एक जुना गालिचा आणि कुणीतरी पुस्तकांवर झाकण म्हणून घातलेली निळी नऊवारी तिने परत दिली नाही. साडी छताच्या कड्यांना बांधून तिने कोपऱ्यात एक तंबू केला होता. आत तीन उशा आणि एक दिवा. ‘इथे बसायला रांग लागते,’ असे ती म्हणाली. पुस्तकांपेक्षा आमची साडी आधी उपयोगी पडली, याचे मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली.

पुस्तकाचे दान कसे असावे, याचा विचार आपल्या चळवळीला नवा नाही. चर्नी रोडच्या बागेत एकटा वाचत बसणारा एक विद्यार्थी विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळूसकर यांच्या नजरेस पडला. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके वाचावयास दिली. पुढे त्या मुलाच्या परीक्षेतील यशानिमित्त सभा भरली, तेव्हा केळूसकर गुरुजींनी आपण स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्याला भेट दिले. धनंजय कीर हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकच्या वेळचा सांगतात. खुद्द बाबासाहेब ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत तो इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाल्यावरचा म्हणून नोंदवितात. वर्ष कोणतेही धरा, त्या पुस्तकाने मनावर खोल परिणाम केला हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. ते वाचून त्यांनी वडिलांना विचारले, की रामायण-महाभारत वाचावयास लावता, मग बुद्धाचे साहित्य आम्हाला का दिले नाही?

या प्रसंगाचा शेवट आपण सर्व जण जाणतो, म्हणून त्याच्या सुरुवातीकडे आपले लक्ष कमी जाते. गुरुजींनी आधी मुलाला पाहिले होते. तो काय वाचतो, कसा वाचतो, हे त्यांना ठाऊक होते. पुस्तक नंतर आले. त्यांनी खोके पाठविले नाही. एक पुस्तक निवडून हातात दिले. आणि सुभेदार रामजींचे काय? मुलाने पुस्तक मागितले की निवृत्त सुभेदार विवाहित मुलींच्या घरी जात, उसने पैसे घेत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून देत. त्या घरात पुस्तक येत असे ते कुणाला तरी नको झाले म्हणून नव्हे.

बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देणाऱ्या सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानातही खोकी होती, पण ती वेगळी. महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय उभारले आणि खेड्यांसाठी फिरत्या ग्रंथपेट्या सुरू केल्या. वाचकांना काय हवे ते पाहून निवडलेली पुस्तके लाकडी पेटीत बंद होऊन गावी जात, ठरलेल्या मुदतीने परत येत आणि दुसरी पेटी निघे. खोके तेच, आत काय ठेवायचे हे कुणीतरी बसून ठरविले होते.

आज ऑस्ट्रेलियात हा विचार सर्वांत काटेकोरपणे कुठे दिसत असेल, तर तो इथल्या आदिवासी समाजांसाठी काम करणाऱ्या इंडिजिनस लिटरसी फाउंडेशनमध्ये. ब्रिस्बेनच्या पुस्तकविक्रेत्या सूझी विल्सन यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या वाचन-उपक्रमातून ही संस्था उभी राहिली. दुर्गम वस्त्यांतील मुलांना ती निवडलेली नवी पुस्तके देते, आणि त्या वस्त्यांनी आपल्या भाषेत रचलेल्या कथा पुस्तकरूपाने छापते. शाळांतून तिच्यासाठी ‘ग्रेट बुक स्वॅप’ भरतो: मुलाने घरून आपले आवडते, वाचून झालेले पुस्तक आणावे, सोनेरी नाणे डब्यात टाकावे आणि दुसऱ्याचे पुस्तक घेऊन जावे. जुनी पुस्तके मुलांमध्येच फिरतात, पैसे मात्र नव्या पुस्तकांसाठी जातात. ज्यांची भाषा एकेकाळी शाळेत बोलू दिली जात नव्हती, त्यांच्या मुलांना उरलेसुरले द्यावयाचे नाही, हा त्यामागील स्वाभिमान आपणास ओळखीचा वाटावा.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात भारतावरची पुस्तके होती. दिवाळी, रंगांचा सण, हत्ती, मसाल्यांचा बाजार. आमच्यापैकी एका घरातील दुसरीतल्या मुलीला वर्गात ‘तुझ्या घरच्या सणाचे पुस्तक घेऊन ये’ असे सांगितले गेले. ती कपाटापाशी गेली, दिवाळीचे पुस्तक घेतले, पुन्हा ठेवले आणि रिकाम्या हाताने परतली. घरी तिने आईला विचारले, ‘आपला सण पुस्तकात नसतो का?’ अमेरिकेच्या बालसाहित्य-अभ्यासक रूडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मांडलेली कल्पना आता इथल्या शिक्षकांच्या तोंडी असते: मुलांसाठी पुस्तक कधी खिडकी असते, कधी आरसा. या मुलीसमोर खिडक्या पुष्कळ होत्या. आरसा एकही नव्हता. आणि खरे सांगायचे तर तो ठेवणे शिक्षिकेला शक्यही नव्हते. असे पुस्तक असते हे तिला सांगणारे कोणी नव्हते. ते आमचे काम होते आणि आम्ही तिला संगणकाची जुनी पुस्तके दिली होती.

मग आम्ही पुन्हा बसलो. या वेळी खोके नाही, यादी. प्रत्येक कुटुंबाने एकच पुस्तक द्यावयाचे, नवे, आणि ते आपल्या मुलाने आधी वाचलेले. चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाचे सौम्या राजेंद्रन यांचे ‘द बॉय हू आस्क्ड व्हाय’ (२०१५) सर्वांना मान्य झाले. भीमराव नावाच्या मुलाला पडणारे प्रश्न लहान वाचकाला कळतील अशा वाक्यांत आणि चित्रांत त्यात येतात. अमर चित्र कथेचे १९७९ चे ‘बाबासाहेब आंबेडकर’ एका आजोबांनी सुचविले. त्यावर वाद झाला, कारण त्या मालिकेच्या एकंदर दृष्टीवर आपल्याकडे टीका झालेली आहे. तरी चित्रमालिका मुले सोडत नाहीत, म्हणून ते घेतले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांच्या परधान-गोंड चित्रांचे ‘भीमायन’ (नवयान, २०११) मोठ्या वर्गांसाठी ठेवले. त्याच्या पानांवर चौकटी नाहीत, चित्रे वळणे घेत वाहतात, आणि आधी नुसती पाने चाळणारी मुले मग मजकुराकडे येतात. मराठीत पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तके घेतली. त्यांत उपदेश नाही, फक्त घर आहे. मराठी अक्षरे नुकती शिकणाऱ्या मुलाला तेच हवे असते.

पैसे फार लागत नाहीत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून हजारो चित्रकथा मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत, मराठीतही. त्या उतरवून घेता येतात, छापता येतात, भाषांतरही करता येते. आम्ही सहा कथा रंगीत छापून, एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर ठेवून बांधल्या. बालभारतीने १९७१ पासून चालविलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचावयास मिळतात. ते शाळेसाठी नाहीत, घरासाठी आहेत, पण पालकांनी ते अवश्य पाहावेत.

एक व्यावहारिक अडचण आम्हाला ठाऊक नव्हती. इथल्या शाळा पुस्तकांच्या नोंदी बहुधा ‘स्किस’ या शालेय सूची-सेवेतून तयार घेतात. मराठी पुस्तकाची नोंद तिथे नसेल, तर ती ग्रंथपालाला हाताने करावी लागते आणि देवनागरी न वाचणाऱ्या बाईने ती कशी करावी? नोंद नाही म्हणून शिक्का नाही, शिक्का नाही म्हणून पुस्तक मागच्या खोलीत. आम्ही प्रत्येक पुस्तकासोबत एक चिठ्ठी जोडली: शीर्षक आणि लेखकाचे नाव इंग्रजी लिपीत, शीर्षकाचा अर्थ, कोणत्या वयासाठी, आणि दोन वाक्यांत गोष्ट काय आहे. त्या चिठ्ठ्यांमुळे पुस्तके आठवड्याभरात कपाटावर आली. पुस्तके देऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एवढे केले, तरी निम्मे काम होते.

दुसरे दान वेळेचे. जानेवारीत शाळा सुरू होण्यापूर्वी मुलांच्या वह्यांना ‘काँटॅक्ट’चे पारदर्शक आवरण घालताना फुगे कसे काढायचे, हे आपल्या घरोघरी आता आजीलाही ठाऊक झाले आहे. ग्रंथालयात तीच कला लागते. दोन आई-बाबा दर गुरुवारी तासभर आवरणे घालतात. एक आजोबा मे महिन्यात, जेव्हा देशभरातील ग्रंथालयांत एकाच वेळी एकच गोष्ट वाचली जाते, त्या ‘नॅशनल सायमल्टेनियस स्टोरीटाइम’च्या दिवशी मुलांसमोर बसले. इंग्रजी गोष्ट शिक्षिकेने वाचली. मग तीच त्यांनी मराठीत सांगितली. अर्थ न कळणारी मुलेही त्यांच्या आवाजातील चढउतार ऐकून योग्य जागी हसली. पालकांनी आत येण्यापूर्वी कोणती कागदपत्रे द्यावयाची, ते शाळेच्या कार्यालयात विचारावे. हा नियम मुलांच्या सुरक्षेसाठी आहे, त्याचा कंटाळा करू नये.

एका गोष्टीविषयी आपल्यात स्पष्ट बोलले पाहिजे. ही सरकारी शाळा आहे आणि न्यू साउथ वेल्सच्या १८८० च्या शिक्षण कायद्यापासून ती धर्मनिरपेक्ष आहे. तिथे धम्मप्रचाराची पुस्तिका ठेवण्याचा आग्रह आपण धरू नये. दुसऱ्या कुणी आपल्या पंथाची ठेवली तर आपल्याला चालणार नाही. परंतु पाण्याला स्पर्श करू न दिलेल्या मुलाची गोष्ट प्रचार नव्हे, ती इतिहास आहे. आमच्या शिक्षिकेने ‘द बॉय हू आस्क्ड व्हाय’ कुठे ठेवावे याचा विचार केला आणि ते भारताच्या कपाटात न ठेवता १९६५ च्या ‘फ्रीडम राइड’वरच्या पुस्तकाशेजारी समोर मांडले. त्या वर्षी फेब्रुवारीत चार्ल्स पर्किन्स आणि सिडनी विद्यापीठाचे विद्यार्थी बस घेऊन मोरी गावी गेले होते, कारण तिथल्या जलतरण तलावात आदिवासी मुलांना प्रवेश नव्हता. महाडचे चवदार तळे १९२७ चे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवण्याची कल्पना आम्हाला सुचली नव्हती, तिला सुचली. काही दिवसांनी सहावीतल्या एका मुलाने आमच्यातल्या एका मुलाला विचारले, ‘तुमच्याकडेही तलाव होता?’ तो मुलगा घरी येऊन वडिलांना महाडविषयी विचारू लागला. त्यापूर्वी वडिलांनी अनेकदा सांगू पाहिले होते आणि त्याने कधी कान दिला नव्हता.

चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला हारफुलांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणण्याचे आवाहन तरुण कार्यकर्त्यांनी केले आणि गोळा झालेले साहित्य गावोगावच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविले, हे आपण पाहिले आहे. त्या आवाहनात काय आणायचे ते नेमके सांगितलेले होते. आम्हीही पुढच्या जयंतीसाठी तसेच करणार आहोत: शिक्षिकेकडून मार्चमध्ये यादी घ्यावयाची आणि यादीबाहेरचे काही न्यावयाचे नाही. या वर्षीच्या यादीत सर्वांत वर, मुलांच्या मागणीवरून, डायनासोर आहेत. त्यावर एका गृहस्थांनी नाराजी व्यक्त केली. मी म्हटले, आपण डायनासोर दिले की पुढच्या वेळी आपले म्हणणेही ऐकले जाईल.

दुसरीतल्या त्या मुलीला अशोक विजयादशमीचे पुस्तक अजून मिळालेले नाही, कारण तिच्या वयाचे चांगले पुस्तक आम्हाला सापडले नाही. म्हणून ती आणि तिची आई ‘स्टोरीवीव्हर’वर स्वतःच एक लिहीत आहेत, चित्रांत दीक्षाभूमीचा स्तूप तिने आतापर्यंत चार वेळा खोडला आहे. ‘द बॉय हू आस्क्ड व्हाय’ची शाळेतील प्रत सध्या कपाटावर नाही. कुणाच्या तरी लायब्ररी बॅगेत आहे, आणि तिच्या कोपऱ्याचे आवरण उचकटले आहे असे शिक्षिकेने कळविले. येत्या गुरुवारी काँटॅक्टचा नवा रोळ घेऊन जायचे आहे.